पसंतिक्रम

बारावीचा निकाल आणि सामाईक प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल हाती पडल्यापासून प्रवेशाच्या पहिल्या फेरीची मुदत संपेपर्यंत जो काळ मधे जातो, त्या काळात मुलाच्या भवितव्याविषयी सर्वांत कमी बोलायला मिळते ते त्या मुलालाच. बाकी आप्तेष्ट, शेजारी, आणि चार पावसाळे अधिक पाहिल्याच्या बळावर ज्यांना सर्व विषयांत अधिकार प्राप्त झालेला असतो अशी वडीलधारी मंडळी, यांची वाणी मात्र त्या दिवसांत अखंड वाहत असते. तिरोड्याच्या बाजारपेठेत आमच्या परिचयाचे एक औषधांचे दुकान आहे. तेथे एका दुपारी असा वाद चांगलाच रंगला आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यासाठी गेलेला मी, गोळ्या खिशात पडल्यावरही, बाकावरून उठलो नाही.

वाद दुकानमालकांच्या भाचीविषयीचा. तिचे वडील धानाची शेती करतात. मुलगी हुशार असून औषधनिर्माणशास्त्राची पदवी घ्यायची एवढे तिने स्वतःच ठरवून टाकलेले होते, त्यामुळे त्याविषयी मतभेद नव्हता. मतभेद होता तो स्थळाविषयी. गोंदियाची मनोहरभाई पटेल यांच्या नावाची औषधनिर्माणशास्त्र संस्था, की नागपूरला अमरावती मार्गावरच्या परिसरातील विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग? मामांचे वजन गोंदियाच्या पारड्यात होते. नागपूरच्या पक्षाचे वकीलपत्र मुलीच्या काकांनी घेतले होते. मामांनी पदविका घेऊन सगळी हयात या दुकानाच्या गल्ल्यामागे काढली, तर काकांनी पदवी घेऊन पिंपरीकडच्या एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता-नियंत्रण विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ते गावी परतले. दोघे एकमेकांना मुलीच्या नात्यानेच हाक मारतात, म्हणून मीही येथे त्यांना मामा आणि काका असेच म्हणतो.

"काका, एक गोष्ट आधी मान्य करा," मामांनी प्रारंभ केला. "पदवी कोणाची? दोन्हीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. अभ्यासक्रम कोणाचा? तो तर आता विद्यापीठाचाही राहिला नाही. फार्मसी कौन्सिलने २०१७च्या सुमारास साऱ्या देशाला एकच लावून दिला. मग जो धडा अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर गोंदियात मिळतो, तोच घेण्यासाठी शंभर किलोमीटरवर नागपूरला जाऊन वसतिगृहाची खाट आणि खानावळीची आमटी पत्करायची, यात शहाणपण कोणते? पोरगी सकाळच्या गाडीने जाईल, संध्याकाळी घरी येईल, आणि आईच्या हातचे जेवून अभ्यासाला बसेल."

"अभ्यासक्रम हा कागद आहे, मामा," काका म्हणाले. "तोच कागद दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी जिवंत होतो. नागपूरच्या विभागाला चाळीसच्या दशकापासूनची परंपरा आहे. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, पीएच.डी.चे संशोधन चालते, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलीला रात्री अकरापर्यंत यंत्राशी झटणारी माणसे दिसतात. शिवाय मिहानमध्ये ल्युपिनचा कारखाना, कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीज, आणि औषध-चाचणीची सरकारी प्रयोगशाळाही नागपुरातच. विद्या वर्गात मिळते त्याहून अधिक वर्गाच्या आसपास मिळते."

"आणि ती मिळालेली माणसे परत कोठे येतात?" मामांनी विचारले. "या तालुक्यातून नागपूर-पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांपैकी किती जणांनी येथे येऊन दुकान थाटले, रुग्णालयात नोकरी धरली, ते मोजा. तुम्ही स्वतः परत आलात ते पेन्शनीत."

हा वार वर्मी होता, आणि काका क्षणभर निरुत्तर झाले. परंतु मामांनी येथेच थांबून खर्चाचा मुद्दा काढला नसता तर त्यांचे अधिक भले झाले असते. २०२४च्या जुलैतील शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची संपूर्ण माफी आहे, हे काकांना मुखोद्गत होते. राहता राहिला राहण्या-जेवण्याचा खर्च, तर अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो तुटपुंजा असला तरी आहे. "उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढले की पैशाचा प्रश्न निम्मा मिटला," असे काका म्हणाले, आणि तहसील कचेरीचा अनुभव असणाऱ्या आम्हा सर्वांनाच 'वेळेत' या अटीचे थोडे हसू आले.

इतक्यात एक वृद्ध गिऱ्हाईक आले. नदीकाठच्या कुठल्याशा गावाहून आलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस. त्याने गल्ल्यावर अर्धवट रिकामी झालेली गोळ्यांची पट्टी ठेवली आणि तापाची गोळी मागितली. पट्टी आरोग्य केंद्राकडून आशाताईंच्या हस्ते मिळालेली, प्रायमाक्विनची. मामांनी ती उजेडाकडे धरून उरलेल्या गोळ्या मोजल्या.

"चवदा दिवस घ्यायच्या होत्या ना, बाबा? चारच घेतल्या?"

"ताप उतरला जी. मंग कायले खाऊ?"

यानंतर मामांनी जो प्रश्न विचारला, त्याने काकांनीही मान वर केली. "घेत होते तेव्हा लघवी काळी झाली होती का? चहासारखी?" वृद्धाने नकारार्थी मान हलवली. मामांनी तापाची गोळी दिली नाही. एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून त्याला उपजिल्हा रुग्णालयात रक्त तपासायला पाठवले, आणि पट्टी सोबत न्यायला सांगितले. दहा-वीस रुपयांचे गिऱ्हाईक गेले.

"हा प्रश्न तुम्हांला कोणी शिकवला?" काकांनी विचारले.

"कोणी नाही. जंगलपट्टीत हिवताप आहे, आणि आपल्या काही आदिवासी कुळांत ते एक विकर रक्तात कमी असते. अशा माणसाला प्रायमाक्विन दिले की तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळवंडते. एकदा डोळ्यांदेखत पाहिले, मग पुस्तक उघडले. सिकलसेलच्या पोरांचेही तसेच. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आई पोराला गिळवत नाही म्हणून फोडून दुधात घालते. ती फोडायची नाही, भुकटीला नुसता हात लावायचा नाही, अधूनमधून रक्तपेशी मोजून घ्यायच्या, हे तिला डॉक्टर सांगतो की नाही मला ठाऊक नाही. पण औषध माझ्या हातून जाते, तेव्हा मला सांगावेच लागते. काका, तुमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत ही आई येते का?"

मामांच्या या बोलण्यात अभिमान होता, पण आढ्यता नव्हती. आणि मला वाटते, वादाचे खरे स्वरूप येथे प्रथम उघड झाले. गोंदिया आणि नागपूर ही नावे केवळ निमित्तमात्र होती. औषधतज्ज्ञ म्हणजे औषध घडवणारा की औषध देणारा, हा तो मूळ प्रश्न, आणि आपल्या देशाने तो आजवर नीटसा सोडवलेला नाही. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९३०-३१ साली औषधांच्या बाजारातील अनागोंदीची झडती घेतली. १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनाचे शिक्षण सुरू केले, आणि ते आरंभापासूनच कारखान्याकडे व प्रयोगशाळेकडे तोंड करून उभे राहिले. त्यामागे कारणही तसेच होते, कारण परदेशी मालावर जगणाऱ्या देशाला आधी औषधे तयार करणारे हात हवे होते. पुढे १९४८चा फार्मसी कायदा आला. त्याने मात्र नोंदणीकृत औषधतज्ज्ञाला दुकानाच्या गल्ल्यामागे उभे केले. तेव्हापासून आपल्याकडे एक विचित्र वाटणी रूढ झाली: कायदा बोलतो गल्ल्याची भाषा, पदवी शिकवते कारखान्याची, आणि दोहोंमधली दरी पदविकाधारकांच्या खांद्यावर टाकलेली.

ही माझी टीका तिऱ्हाइताची म्हणून बाजूला ठेवता आली असती. पण मामांनी नकळत तिला आकड्यांचा आधार दिला. "मी पदविका घेतली तेव्हा पाचशे तास गल्ल्यावर किंवा रुग्णालयात काढल्याखेरीज नोंदणीच होत नसे, आणि त्यातले अडीचशे तास डॉक्टरच्या चिठ्ठ्यांवरची औषधे देण्यात गेले पाहिजेत असा दंडक होता. तुमच्या पदवीच्या चार वर्षांत बाहेरच्या जगाचे तास किती? दीडशे! तेही सहाव्या सत्रानंतर, आणि कारखाना, रुग्णालय, दुकान यांतले काहीही चालते."

"म्हणूनच म्हणतो," काका म्हणाले, "त्या दीडशे तासांत तिला चांगला कारखाना मिळू दे. तुमचा तो बाबा चार गोळ्या खाऊन थांबला, हा त्याचा दोष. पण समजा, त्याने चौदाच्या चौदा खाल्ल्या आणि त्या पोटात विरघळल्याच नाहीत, तर? सहा काचपात्रे, प्रत्येकात सदतीस अंशांचे पाणी किंवा आम्ल, आत एक पाते ठरावीक गतीने फिरत असते. प्रत्येक पात्रात एक गोळी टाकायची आणि ठरलेल्या मिनिटाला नमुना काढून किती औषध बाहेर आले ते पाहायचे. माझ्या नोकरीत एका रात्री सहापैकी दोन पात्रांत गोळी तासाभरानंतरही जशीच्या तशी पडून होती. बाहेरून तुळतुळीत, वजन बरोबर, रंग बरोबर. लाखो गोळ्यांचा तो गट आम्ही अडवला. तो गट बाजारात गेला असता तर गल्ल्यावरच्या कुठल्याही मामाला, त्याने शंभर प्रश्न विचारले तरी, त्यातले काही कळले नसते."

मग काकांचा आवाज थोडा खाली आला. "छिंदवाडा येथून किती दूर आहे, मामा? २०२५च्या पावसाळ्याअखेर तेथे खोकल्याच्या औषधाने विसाहून अधिक लेकरे गेली. त्यांतली कित्येक शेवटी नागपूरच्याच रुग्णालयांत होती. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल जवळजवळ निम्मे निघाले. आणि हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये हेच विष आले, चौदा माणसे मेली, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. चाळीस वर्षे झाली, तेच विष, तीच चूक. त्या बाटल्या विकणाऱ्या दुकानदारांनी काय करायला हवे होते? त्यांच्या हाती काहीच नव्हते. जे व्हायला हवे होते ते कारखान्यातच व्हायला हवे होते."

मामा यावर बोलले नाहीत, आणि जेव्हा बोलले तेव्हा विषय त्यांनी किंचित बदलला. परंतु त्या बदलातही एक कबुली होती. गल्ल्याचे गुणगान करणाऱ्याने गल्ल्याची लाजही सांगावी, या न्यायाने त्यांनी भाड्याच्या प्रमाणपत्रांची गोष्ट काढली: दुकानाच्या परवान्यावर नाव एकाचे, भिंतीवर त्याचे चौकटीतले प्रमाणपत्र, आणि गल्ल्यामागे दहावी नापास पोरगा. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात औषधतज्ज्ञ हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा राज्यभर दुकानदारांनी निषेध केला, संप केले. "मीही दुकान बंद ठेवले होते," मामा म्हणाले, आणि त्यांनी ते इतक्या सहजतेने सांगितले की मला त्यांच्याविषयीचा आदर थोडा वाढल्यासारखा वाटला. नव्या संस्था काढण्यावर कौन्सिलने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केल्यानंतर गावोगाव महाविद्यालयांचे पीक आले आहे. प्रमाणपत्रे वाढतील, भाडे उतरेल, एवढाच त्याचा एक परिणाम मामांना दिसत होता, आणि त्यांच्या या निष्कर्षाशी वाद घालण्याची माझी तरी तयारी नाही.

मुलगी इतका वेळ आतल्या बाजूला बसून शेड्यूल एच-१च्या नोंदवहीत नोंदी उतरवत होती. तारीख, रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध, नग. मामांनी ते काम तिच्यावर सोपवले होते, कारण निरीक्षक येतो तेव्हा पहिल्यांदा हीच वही मागतो. तिने लेखणी ठेवली.

"मामा, काका, मला लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन औषध निरीक्षक व्हायचे आहे."

दोघांनाही एकदमच आनंद झाला, आणि तो एकाच कारणाने झाला: हे आपल्या बाजूने आहे, असे दोघांनाही वाटले. मामांच्या मते निरीक्षकाचा बहुतेक दिवस दुकानांच्या तपासणीत जातो, तेव्हा गल्ल्याचा अनुभव हाच खरा पाया. काकांनी औषध नियमावलीचा ४९वा नियम पुढे केला: पदवी असली की निरीक्षक होता येते, पण लस, सीरम, टोचण्याची औषधे असल्या मालाच्या उत्पादनाची तपासणी करण्याचा अधिकार साधारणपणे त्यालाच मिळतो, ज्याने अशा औषधांच्या निर्मितीत किंवा मान्य प्रयोगशाळेतील चाचणीत निदान अठरा महिने घालवले आहेत, किंवा नोकरीत असताना तीन वर्षे कारखान्यांच्या तपासणीचे काम केले आहे. नियम करणाऱ्यांना ही वाटणी ठाऊक होती तर! निरीक्षकाला दुकानात जावे लागते आणि कारखान्यातही. ज्या दोन अंगांवर आमचे हे दोन वकील इतका वेळ भांडत होते, ती दोन्ही अंगे त्याच्या एका हुद्द्यात बांधलेली आहेत.

"मी दोन्हीकडे जाऊन बघणार आहे," मुलगी म्हणाली. "इमारत नाही बघायची. गोळ्या विरघळवण्याचे ते यंत्र दाखवा म्हणेन, आणि त्याच्या शेजारची नोंदवही. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहीन. आणि विद्यार्थ्यांना विचारीन की त्यांनी त्यावर स्वतः हात चालवला, की सरांनी चालवलेला पाहिला."

काकांनी माझ्याकडे पाहिले. प्रवेशपुस्तिका, मानांकने, नेमणुकांचे फलक, संस्थाप्रमुखांची भाषणे या सर्वांतून संस्थेविषयी जे कळत नाही, ते त्या एका वहीतून कळते. कारण यंत्र विकत घेता येते, पण दर आठवड्याच्या तारखांची शाई विकत घेता येत नाही. हे काकांनी आयुष्यभर कारखान्यात केले, आणि पुतणीसाठी करायचे मात्र त्यांना सुचले नव्हते.

"आणि आज अर्ज भरायचा असेल तर?" मामांनी विचारले. पसंतिक्रमाचा नियम त्यांना माहीत होता: पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते, पुढच्या फेरीत दुसरीकडे सरकता येत नाही.

"आज भरायचा तर नागपूर पहिले. गोंदिया दुसरे."

मामांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला राग म्हणता येणार नाही. मुलीने ते पाहिले आणि आपले कारण सांगितले, आणि माझ्या मते त्या दुपारी बोलल्या गेलेल्या सर्व वाक्यांत तेच एक वाक्य वादाच्या मुळाशी पोहोचणारे होते. "गल्ला मला माहीत आहे, मामा. तो येथेच आहे, तुम्ही आहात. तो प्रश्न काळ्या लघवीचा, तो मी नागपूरला गेले तरी मला तुमच्याकडूनच शिकायचा. पण काकांचे ते यंत्र मी आजवर डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि घरी बसून ते मला कोणी दाखवू शकणार नाही."

या न्यायाने पाहिले, तर जी मुलगी बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्याच्या वसाहतीत वाढली आहे, जिच्या घरी रोज कानावर चाचण्यांचे आकडेच पडतात, तिने गोंदियालाच जावे असा सल्ला देणे योग्य ठरेल. तेथे केटीएस आणि गंगाबाई ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत आणि सिकलसेलचे, हिवतापाचे रुग्ण आहेत. तिला न मिळालेले जग तेथे आहे. महाविद्यालयाची उच्चनीचता ही जर सर्वांसाठी एकच असती, तर पसंतिक्रमाचा रकाना शासनाने विद्यार्थ्याकडे कशाला दिला असता? पण हे मत मी तेथे बोलून दाखवले नाही, कारण बोलण्याची पाळी माझी नव्हती.

"परत येशील का?" मामांनी विचारले.

मुलगी काही बोलली नाही. खोटे वचन तिने दिले नाही, हे मला आवडले. मामांना आवडले की नाही ते कळले नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले की सहाव्या सत्रानंतरचे ते दीडशे तास दुकानात काढले तर चालतात ना. चालतात, असे काका म्हणाले, पण कारखान्यात काढलेले अधिक उपयोगी. झाले, पुन्हा वादाला तोंड फुटले. तो काही वेळाने मिटला तो असा की, यादीत केवळ दोन नावे टाकून अर्ज भरणे हा शुद्ध वेडेपणा आहे, जागा कोठे मिळेल ते पर्सेंटाइलवर ठरते, आणि नाव वाढवायला पैसा पडत नाही, याविषयी मामा आणि काका यांचे त्या दिवसात प्रथमच एकमत झाले. कामठी, वर्धा आणि अमरावतीचे शासकीय महाविद्यालय ही नावे त्यांनी मुलीकडून लिहून घेतली. मुलींच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला जागा मिळते की नाही, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ते विचारून येण्यासाठी उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला कोणी जायचे, यावर ते बोलत असतानाच मी उठलो.